चुकलात म्हणून कळलं

शनिवारी आमच्या शाळेत मास्तर खाली बसायचे आणि आमच्यापैकी कुणीतरी एक जण खुर्चीवर. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याला वाटलं, ही बाई रंगवून सांगते आहे. मी रंगवून सांगते हे खरंच आहे, माझ्या नवऱ्याचीही माझ्याबद्दल तीच तक्रार असते. पण ह्या बाबतीत रंगवायला मास्तरांनी जागाच ठेवली नव्हती.

आमचं गाव नाणे मावळातलं, कामशेत स्टेशनावर उतरून वडिवळ्याच्या बाजूला चालत निघालं की लागणारं. शाळा चावडीत भरायची. चावडीत कुणाचं भांडण निवाड्याला आलं की पाटलांचा माणूस येऊन उभा राहायचा, मग आम्ही पाट्या काखेत मारून समोरच्या जांभळीखाली. शाळा दुसरीपर्यंत, मास्तर एकच आणि खुर्चीही एकच. वर्गात पोरं बरीच आणि पोरी आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातही निम्म्या जणींच्या कडेवर धाकटं भावंड असायचं.

मास्तर अंगानं काटकुळे आणि उंच. चावडीची तुळई जुन्या काळच्या बुटक्या माणसांसाठी घातलेली असावी. तिला त्यांचं डोकं रोज आपटायचं, आणि रोज ते काळी टोपी सारखी करून तुळईला म्हणायचे, "चुकलं माझं." तुळईचं कधीच चुकत नसे. अंगात एक तपकिरी कोट, बारा महिने तोच. त्याचे खिसे जांभळाच्या बिया आणि चिंचोक्यांनी भरलेले. मास्तर चालायला लागले की खिसे वाजायचे, त्यामुळे ते येताहेत हे आम्हांला लांबूनच कळायचं आणि त्यांना आमचा दंगा कधी सापडायचा नाही. खिसे मुद्दाम वाजते ठेवले होते की काय, असं मला आता वाटतं.

त्यांच्या डोक्यात आठवडा म्हणजे एक घर होतं आणि प्रत्येक वाराला त्यात एक खोली दिलेली होती. सोमवारी आठवड्याचं अक्षर यायचं. भ आला की सगळा आठवडा भ चा. भात, भाकर, भोपळा, भुंगा, जे भ चं असेल ते घेऊन यायचं किंवा निदान बघून येऊन सांगायचं. एका पोरानं भूत बघून आल्याचं सांगितलं होतं. मास्तरांनी त्याला, ते कुठं दिसलं, काय नेसलं होतं, भात खाल्ला का, असं सगळं गंभीरपणे विचारून घेतलं आणि भूत भ च्या यादीत घातलं. मंगळवारी वाचन. पुस्तकं दोनच होती, तीही मागच्या मास्तरांच्या काळातली, पानं उडालेली. म्हणून आम्हांला हुकूम असा की बाजारातून साखर, तिखट, हळद ज्या कागदात बांधून येईल तो कागद टाकायचा नाही, शाळेत आणायचा. त्या चुरगळलेल्या, हळदीच्या वासाच्या कागदांवर मी वाचायला शिकले. कागद फाटेल तिथं मजकूर तुटायचा. मग मास्तर विचारायचे, "पुढं काय झालं असेल?" आणि आम्ही प्रत्येक जण आपापलं पुढचं सांगायचो. कितीतरी वर्षं माझी अशी समजूत होती की छापणारे लोक गोष्ट अर्धीच छापतात आणि उरलेली वाचणाऱ्यानं करायची असते.

लिहिण्याचा वार गुरुवार. सुगी झाल्यावर एखाद्याचं खळं मोकळं असलं की मास्तर तिथं भाताचं तूस पसरून त्यावर काठीनं खाटेएवढं अक्षर काढायचे, आणि आम्ही अनवाणी पायांनी त्या अक्षरावरून चालायचं. "आधी पायाला येऊ दे, मग हाताला येईल," असं ते म्हणायचे. तूस पायाला टोचायचं. क्ष वरून चालताना तर सगळ्यांची तारांबळ उडायची आणि खळ्याचा मालक बांधावर उभा राहून कपाळाला हात लावायचा. पण आजही मला क्ष लिहिताना डाव्या पायाच्या तळव्याला काहीतरी जाणवतं.

आकड्यांचं तर विचारू नका. मास्तरांच्या लेखी प्रत्येक आकड्याला स्वभाव होता. दोन गरीब. पाच व्यवहारी. सात मात्र जावयासारखा, कधी कशावरून रुसेल सांगता यायचं नाही, म्हणून सातचा पाढा म्हणताना ते आवाज खाली आणायला लावायचे. तीन आणि सहा हे भांडण झालेले भाऊ, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. आमच्या वर्गातला किसन ह्या दोघांत कायम गोंधळायचा. सहा सांगितला की तीन काढायचा. मास्तर त्याला म्हणायचे, "अरे, पुन्हा भाऊ बदललास."

गावानं त्यांचं नाव उलटे मास्तर ठेवलं होतं. नावामागे राग नव्हता, पण फार आदरही नव्हता. छडी नाही, अंगठे धरायला लावणं नाही, ह्याला काय शाळा म्हणायची, असं मोठी माणसं म्हणायची. शिवाय आमच्या शाळेत एक रीत होती, ती ऐकून तर माणसं हसायची.

रीत अशी. कुणी चुकलं की मास्तर हातातलं काम ठेवून त्याच्यापाशी जायचे, वाकून पाटी बघायचे, आणि नवी चूक असली की त्यांचा चेहरा उजळायचा. ती चूक ते सगळ्यांना दाखवायचे. मग ती कशी झाली असेल ह्याचा विचार वर्गानं करायचा. उमगलं की ज्याची चूक त्याला सगळ्यांनी हात जोडून म्हणायचं, "चुकलास म्हणून कळलं." मुलगी असली तर, "चुकलीस म्हणून कळलं." चेष्टेनं नाही हं, चेष्टा केलेली त्यांना खपत नसे. खरोखर आभार मानल्यासारखं म्हणायचं. तांबोळ्यांचा हुसेन एकदा पंचवीस सांगितल्यावर बावन्न लिहून बसला. त्याला विचारलं तर म्हणाला, "पंच आदी म्हणल्यात तुमी, तर पाचच आदी यीन की." मास्तर त्या उत्तरावर दोन दिवस खूश होते.

आणि मग शनिवार. आठवडाभर ज्याच्या ज्याच्या हातून जे जे चुकलं असेल ते मास्तर डोक्यात साठवायचे, आणि शनिवारी स्वतः पाटी घेऊन आमच्यात मांडी घालून बसून त्या सगळ्या चुका एकेक करून करायचे. पाळीपाळीनं आमच्यातला एक जण खुर्चीवर बसायचा. मुलगा असला तर मास्तर, मुलगी असली तर बाई. त्यानं आकडा किंवा शब्द घालायचा, मास्तरांनी चुकवायचा, आणि ज्याची ती मूळ चूक त्यानं उठून ती दुरुस्त करायची. मास्तर निमूटपणे पुसून पुन्हा लिहायचे आणि आम्ही त्यांना हात जोडून म्हणायचं, "चुकलात म्हणून कळलं, मास्तर." आपली चूक दुसऱ्याच्या पाटीवर दिसली की किती सोपी दिसते. मास्तरांना दुरुस्त करताना किसन असा ऐटीत बोलायचा, जणू जन्मात त्यानं तीन आणि सहाची गल्लत कधी केलीच नव्हती.

हजेरीची वही होती, पण तिच्याशिवाय चालायचं. ते आम्हांला आमच्या चुकांवरून ओळखायचे.

माझी चूक एकोण ची. एकोणतीस म्हटलं की मी एकोणचाळीसचा आकडा काढायची, तीनावर नऊ. ह्यात माझं काय चुकतं ते मला कळायचंच नाही. तीस ऐकू आलं, म्हणजे तीन आलेच. मास्तरांनी माझी पाटी बघितली आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. आकड्यांचं वेडंवाकडं आहे. पण आकडे आपल्यापेक्षा वयानं मोठे, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं." मग त्यांनी खिशातून बिया काढल्या, तीस बियांची रांग मांडली आणि शेवटची उचलून पुन्हा खिशात टाकली. "हा एकोणतीस. तिसाच्या दारापर्यंत आलाय, उंबऱ्यावर उभा आहे. अजून घरात आलेला नाही. आणि तू त्याला आत नेऊन पाटावर बसवतेस."

कळलं. पण कळलेलं हाताला येईना. मी तिसाला जपायची तर चाळिसाला फसायची.

त्याच सुमारास आमच्या घरी माझी शाळा बंद करायची बोलणी चालू झाली. धाकटा भाऊ रांगायला लागला होता, आई भात झोडणीच्या कामावर जायची, आणि माझ्या कडेवर तो असला तरी शाळेत त्याचं रडणं, त्याचं ओलं, सगळं मास्तरांनाच निस्तरावं लागायचं. मास्तरांची त्याला हरकत नव्हती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची होती. आबा तसे अबोल माणूस. गावात त्यांना मान होता, पण चावडीत कधी बोलायला उभे राहायचे नाहीत. एका रात्री जेवताना त्यांनी निकाल दिला.

"डिपुटी सायेब येनार हाय म्हनं तपासनीला. त्येच्याफुडं बरूबर लिव्हलंस तर ऱ्हा शाळंत. चुकलीस तर पाटी माळ्यावर, आन् तू पोराला घिऊन घरी."

आमच्या घरचा माळा म्हणजे मोडकी इरली, तुटक्या टोपल्या आणि उंदीर. तिथं गेलेली वस्तू परत खाली आलेली मी पाहिली नव्हती.

साहेब सोमवारी यायचे होते. मास्तरांनी आम्हांला नाक पुसायला, केस विंचरायला सांगून ठेवलं होतं. पण पुढच्या गावातली शाळा कसल्याशा कारणानं बंद होती, म्हणून साहेबांची बैलांची दमणी दोन दिवस आधीच आमच्याकडे वळली. शनिवारी सकाळी. आणि त्या शनिवारी खुर्चीवर बाई मी होते.

साहेब आत आले तेव्हा चावडीत जे दृश्य होतं ते असं. खुर्चीवर मी, पाय जमिनीला न पोचणारे, हातात फूटपट्टी. खाली पोरांच्या रांगेत मास्तर, मांडीवर माझा भाऊ, तो पाटीवरची पेन्सिल चघळतोय. आणि मास्तरांच्या पाटीवर सहाच्या जागी तीन.

साहेबांच्या डोक्याला जरीची पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट. मागून पाटील आणि खळ्यांवरची कामं टाकून आलेली माणसं. त्यांत आबा होते, डोक्यात भाताचं कूस, हातात तशीच दोरी.

"शिक्षक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"ह्ये काय, खाली बसल्यात," किसन म्हणाला. "त्यांचा सहा चुकलाय."

मास्तर भावाला घेऊन उठले, तुळईला डोकं आपटलं, आणि सवयीनं म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलंच आहे," साहेब म्हणाले. "हा काय प्रकार आहे?"

"साहेब, आज शनिवार. आज मी विद्यार्थी आहे. शिक्षक ह्या बाई." मास्तरांनी माझ्याकडे हात केला आणि पुन्हा खाली बसले. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. टोपी त्यांनी दोनदा सारखी केली. पण ते बसले.

आता शनिवारचे नियम सगळ्यांना सारखे होते. मी साहेबांकडे पाहिलं आणि जे दर शनिवारी उशिरा येणाऱ्याला सांगितलं जायचं तेच सांगितलं. "उशिरा आलात. मागं बसा."

पाटलांनी डोळे मिटून घेतले. साहेब माझ्याकडे वळले. "मला म्हणतेस?"

"व्हय."

ते बसले नाहीत, पण ओरडलेही नाहीत. फळ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई आहेस ना, मग लिही. एकोणसाठ."

मी खुर्चीवरून उतरले आणि फळ्यावर लिहिलं. सहा काढला. त्याच्यापुढं नऊ काढला. मागे वळून पाहिलं तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावरून बरोबर की चूक ते मला कळलं नाही, आबांच्याही नाही, कारण आबांना वाचता येत नव्हतं. ते साहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

मग वर्ग बोलला. सगळा वर्ग, एका सुरात, दर शनिवारी बोलायचा तसा. "बाई, चुकलात."

मी फळ्याकडे पाहिलं. एकोणसाठ साठाच्या घरात आरामात पाटावर बसला होता. मला हसूच आलं. "व्हय की," मी म्हणाले, "उंबऱ्यावर हाय त्यो अजून." तळव्यानं सहा पुसला आणि पाच काढला. लगेच सगळ्यांनी हात जोडले, मास्तरांनीही मांडीवरच्या पोराला सावरत जोडले. "चुकलात म्हणून कळलं, बाई."

"हे काय आता?" साहेबांनी विचारलं.

"आभार मानले, साहेब," मास्तर खालूनच म्हणाले. "ती चूक तिच्या आत राहिली असती तर पुढं आयुष्यात कुठं निघाली असती सांगता येत नाही. बाहेर आली, सगळ्यांना दिसली. फुकट शिकायला मिळालं."

साहेबांनी मला एकोणऐंशी घातला, एकोणनव्वद घातला. दोन्ही आले. मग नव्याण्णव घातला. तोही आला, पण माझ्या मनात कधीपासून एक गोष्ट होती ती तिथंच विचारून टाकली. "सायेब, ह्यो शंभराच्या उंबऱ्यावर हाय. मग ह्येला एकोणशंभर का न्हाई म्हनत?"

साहेबांनी विचार केला. खरोखर केला. "तसं म्हणत नाहीत," ते म्हणाले.

"पर का?"

"नाही म्हणत."

"मीही लहानपणी विचारलं होतं साहेब," मास्तर म्हणाले. "मला छडी मिळाली होती."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारचं काहीतरी होतं. मग त्यांनी उरलेल्यांची तपासणी केली, आणि जाताना शेरा लिहिला. तो मास्तरांनी आम्हांला नंतर दोनदा वाचून दाखवला. 'वर्गात शिस्त नाही. मुले घाबरत नाहीत.' "ह्यातलं पहिलं वाक्य माझ्या नावावर," मास्तर म्हणाले, "आणि दुसरं तुमच्या."

शेऱ्याचं मला काय, माझा जीव आबांपाशी होता. शाळा सुटल्यावर मी भावाला कडेवर घेऊन त्यांच्या मागे चालू लागले. ओढा आला तेव्हा ते थांबले. पाटी मी परकराच्या घोळात धरून ठेवली होती, जणू न दिसली तर ते विसरतील.

"चुकलीस," आबा म्हणाले.

"व्हय."

"समद्या गावाफुडं."

"व्हय."

"मंग रडली का न्हाईस?"

चुकलं की रडायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. "रडायचं अस्तंय व्हय?" मी विचारलं.

आबा ओढ्यात पाय धुवायला वाकले आणि धूत राहिले. "म्या तुज्याएवडा हुतो," ते पाण्याकडे बघत म्हणाले, "तवा चावडीत बापाचं नाव सांगताना चुकलो. समदी हसली. तवापास्नं चावडीत त्वांड उघाडलं न्हाई म्या." मग ते उठले, माझ्या कडेवरून भावाला घेऊन त्यांनी खांद्यावर बसवलं. "सोमवारी जा शाळंत. ह्येला म्या बघतो खळ्यावर."

मी शाळेत राहिले ती अशी. पुढे कामशेतला चालत जाऊन चौथी झाले, आमच्या गावातली चौथी झालेली पहिली मुलगी. पण हे जे काही झालं ते त्या ओढ्यावर झालं, आणि त्याच्या आधी त्या चावडीत, एका माणसानं चुकणं ही लाज नसते असं आम्हांला इतक्या लहानपणी पटवून दिल्यामुळे झालं. पुढे संसारात मी पुष्कळ ठिकाणी चुकले. दर वेळी पुसून पुन्हा लिहिलं. ह्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाचं नाव देवाच्या आधी घ्यायला तयार आहे.

मास्तरांची बदली पुढच्याच वर्षी झाली, घाटापलीकडच्या कुठल्याशा गावी. शेवटच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांच्या सगळ्या चुका केल्या, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या. आम्हीही ज्या विसरलो होतो त्यासुद्धा. दुरुस्त करता करता दुपार उलटली आणि घरून जेवायची बोलावणी आली. मग ते तुळईला डोकं आपटून, तिची माफी मागून गेले.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. माझं लग्न होऊन मी लोणावळ्याला आले, नवरा रेल्वेत फिटर. लढाईचे दिवस होते, गाड्या लष्कराच्या माणसांनी भरून जायच्या. आमचा किसनही देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला लागला होता. एकदा आमच्या चाळीच्या नळावर शेजारच्या गल्लीतली एक बाई घरच्या म्हाताऱ्याची कहाणी सांगत होती. तिच्या नवऱ्याचे चुलते. अर्धांगाचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, जिभेला जडपण.

"आयुष्यभर मास्तरकी केली त्यांनी, मावळात तिकडं," ती म्हणाली. "आता आकडेसुद्धा येत नाहीत हो. रोज पाटी मागतात, डाव्या हातानं लिहितात आणि मला दाखवतात. सगळं चूक. यजमान तर बघतच नाहीत, त्यांना बघवत नाही. मीही आताशा पाटी लपवून ठेवते."

मी विचारलं, "कोट तपकिरी आहे का?"

माझी घागर नळावरच राहिली.

मास्तर खिडकीपाशी खाटेवर बसलेले होते. इतके लहान झालेले की तुळईला आता डोकं लागलं नसतं. मी माझं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आबांचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखीची खूण काही दिसेना. सूनबाईनं, म्हणजे नळावरच्या त्या बाईनं, मला खुर्ची दिली आणि नाइलाजानं फळीमागून पाटी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली आणि वाट बघत राहिले.

काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हणाले, "सहा लिहा, मास्तर."

त्यांनी हळूहळू तीन काढला. सूनबाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली, बघितलंत ना, अशी.

"पंचवीस लिहा."

बावन्न.

ज्यानं आम्हांला आकड्यांचे स्वभाव शिकवले त्याला आकडे सोडून गेले होते. मला आणखी काही घालायचं नव्हतं, पण ते पाटी पुसून तयार होऊन बसले होते, आणि नको म्हणणं माझ्या जिवावर आलं. "एकोणतीस," मी म्हणाले.

त्यांनी तीन काढला आणि त्याच्यापुढं नऊ. पाटी माझ्याकडे वळवली. डोळे पुसता पुसता मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ते पाटीकडे बघतच नव्हते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते. खाली मांडी घालून बसलेले मास्तर, आपण उठून दुरुस्त करतो की नाही ह्याची वाट बघताना, अगदी असेच बघायचे.

मी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर," मी विचारलं, "तो तीन कुणाचा होता?"

जीभ त्यांना साथ देत नव्हती. बराच वेळ लागला. "कि...सन."

"आणि बावन्न?"

"हुसेन."

"आणि हा?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि माझ्याकडे धरलं. "तू."

सूनबाई दाराशीच खाली बसली. रोज एवढे दिवस ते घरातल्या सगळ्यांना शनिवारचा खेळ मांडून दाखवत होते, आणि पुढं होऊन दुरुस्त करायचं असतं हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"उंबऱ्यावर आहे तो, मास्तर," मी म्हणाले. "आत कशाला बसवलात?"

त्यांनी तळव्यानं तीन पुसला आणि त्या जागी दोन काढला. मी हात जोडले. "चुकलात म्हणून कळलं, मास्तर." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्यासाठी पाटी पुसली. मग सूनबाईला मी सगळं सांगत बसले, चावडीपासून ओढ्यापर्यंत, आणि घागर भरून घरी पोचायला मला चांगलीच संध्याकाळ झाली.

पुढच्या शनिवारी घरची कामं आवरून जायला मला उशीर झाला. बघते तर खुर्चीवर सूनबाई बसलेली, हातात फूटपट्टी, आणि खाली सतरंजीवर उशीला टेकून मास्तर, शेजारी तिची दोन्ही मुलं. मुलं ओरडून काहीतरी दुरुस्त करत होती. मास्तरांनी मला दारात पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं मला मागची जागा दाखवली.

उशिरा आले होते. मी मागे जाऊन बसले.